बागेचं कुंपण: डागडुजी करावी की सगळंच नवीन? आणि माणूस कसा पारखावा?

जाईजुई

नमस्कार मंडळी. घराच्या मागे लहानशी बाग आहे, तिला तीन बाजूंनी कुंपण. दोन बाजूंना लोखंडी अँगल आणि चेनलिंक जाळी. तिसऱ्या, शेजाऱ्यांच्या बाजूला उभ्या लाकडी फळ्या. आधीच्या मालकांनी घातलेलं, त्यामुळे किती जुनं, कोणी केलं, काहीच माहीत नाही. परवाच्या वादळात फळ्यांचा एक भाग आडवा झाला, उरलेला बागेकडे झुकलाय. जाळीला झोळ पडलाय, अँगल खालच्या अंगाला गंजलेत. फाटक जमिनीला घासतं, उचलून लावावं लागतं.

दोन जण येऊन बघून गेले. एक म्हणाले, "ताई, यात काही राम राहिला नाही, सगळं काढा, नवीन करू." दुसरे म्हणाले, "छे, चार-पाच खांब बदलू, फळ्या ठोकू, रंग मारला की नव्यासारखं." दोघांच्या आकड्यांत जमीन-अस्मानाचा फरक, आणि दोघांनीही कुंपणाला हात न लावता लांबूनच सांगितलं. विश्वास कुणावर ठेवायचा? डागडुजी पुरेल की नवीन लागेल, हे आपलं आपल्याला कसं कळेल? अनुभवी लोकांनी कृपया लिहा. आम्ही दोघंही ठोकाठोकीत शून्य आहोत.

उगाच_एक

पहिला! कुंपण पडलं म्हणजे सरड्यांची मजा आहे, आता पाहिजे तेवढं धावा म्हणावं. :)

जाणकारांच्या प्रतीक्षेत. आमच्याकडेही हाच विषय निघणार आहे.

ओळंबा

@जाईजुई, फळ्या, जाळी, रंग हे सगळं तूर्त विसरा. खांब बघा, आणि खांबातही जमिनीलगतची वीतभर जागा बघा. निर्णय तिथे होतो.

एक जाडसर स्क्रूड्रायव्हर घ्या. लाकडी खांबाच्या बुडाशी चार बोटं माती उकरा आणि टोक दाबून बघा. चांगल्या लाकडात ते जेमतेम रुततं. सडलेल्यात सहज घुसतं आणि बाहेर येताना भुगा घेऊन येतं. चारही अंगांनी तपासा, कारण सड पुष्कळदा एकाच बाजूने सुरू होते.

मग खांब वरून धरून हलवा, पण नजर जमिनीवर ठेवा. जमिनीपाशी मोडल्यासारखा हलत असेल तर खांब कुजलाय. खांब ताठ आहे आणि बुडाचा काँक्रीटचा गोळाच मातीत डुलतोय, तर खांबाचा दोष नाही. खड्डा उथळ आहे नाहीतर माती भुसभुशीत. पहिल्या प्रकारात बहुधा खांब बदलावाच लागतो. दुसऱ्या प्रकारात तोच खांब नव्या, खोल खड्ड्यात बसवता येतो (उंची थोडी कमी होईल, ती चालत असेल तर). हा फरक न बघता दिलेला आकडा मी तरी मनावर घेणार नाही.

जमिनीलगतच का सडतं? लाकूड कुजवणाऱ्या बुरशीला ओलावाही लागतो आणि हवाही. लाकडातला ओलावा साधारण २० टक्क्यांच्या वर टिकून राहिला की तिचं फावतं. खोलवर हवा कमी, वर लाकूड वाळत राहतं. मातीच्या पातळीवर दोन्ही भरपूर. म्हणून उपटलेल्या खांबाचं खालचं टोक कित्येकदा ठणठणीत निघतं आणि कंबर गेलेली असते. लोखंडाचा गंजही त्याच पट्ट्यात सगळ्यात जोरात चालतो.

बागवान_आजी

ओळंबा यांनी बरोबर सांगितलं आहे. त्यात माझी थोडी भर. अगं जाई, कुंपणाच्या बुडाशी वाफा केलाय का? लोक फळ्यांना टेकून माती आणि पालापाचोळा चढवतात, वर रोज पाणी घालतात आणि मग म्हणतात लाकूड टिकत नाही. फळीचं खालचं टोक जमिनीपासून निदान दोन बोटं वर हवं. वाळवीला मातीतून थेट लाकडात शिरायची वाट मिळत नाही आणि पावसाचं पाणी सुकतं. नवीन कर किंवा जुनं ठेव, माती मात्र आधी मागे ओढ.

जाईजुई

बापरे, वाफा आहेच, आणि माती फळ्यांच्या वर चढलेली आहे. सगळे खांब तपासले. आडव्या झालेल्या भागातले सगळे मऊ. उरलेल्या भागातला कोपऱ्यातला एक चांगला, बाकीच्यांत स्क्रूड्रायव्हर निम्मा आत जातोय. अँगलचं काय करू? वरवर तर सगळेच गंजलेले दिसतात.

मिस्त्रीभाऊ

राम राम. मी याच कामात आहे, म्हणून आमच्या बाजूनेही थोडं लिहितो.

अँगलचा गंज तारेच्या ब्रशने खरवडा आणि हातोडीने हलकंच ठोका. खणखणीत आवाज आला आणि पापुद्रा निघून खाली घट्ट लोखंड लागलं, तर तो वरवरचा गंज. घासून, प्राइमर मारून अजून बरीच वर्षं जातील. आवाज बद्द आला, कडा कागदासारखी झाली असेल किंवा भोक पडलं असेल, तर त्यावर रंग मारणं म्हणजे फसवणूक. अशा खांबाचा खालचा भाग कापून नवीन तुकडा वेल्डिंग करता येतो, पण सांधा जमिनीच्या बराच वर घ्यायचा. काही जण सांधा मातीतच घेतात. दिसत नाही ना, म्हणून.

डागडुजी स्वस्तच पडते असं समजू नका. जुना काँक्रीटचा गोळा उकरून काढणं हे या कामातलं सगळ्यात कंबर मोडणारं काम आहे. नवीन खांब घालण्यापेक्षा जुना काढायला जास्त मजुरी लागते कधीकधी. म्हणून शहाणा कारागीर जुना गोळा तसाच ठेवून नवीन खड्डा थोडा सरकवून घेतो. लाकडी खांब फक्त बुडाशी गेला असेल आणि वर चांगला असेल, तर शेजारी सिमेंटचा बुटका खांब पुरून जुना त्याला बोल्टने आवळायचा, हाही चांगला उपाय आहे. दिसायला काही खास नाही, पण टिकतो.

माझा हिशेब असा: एका बाजूचे तीनात एकापेक्षा जास्त खांब गेले असतील तर ती बाजू पूर्ण नवीन करा. एक-दोनच गेले असतील तर तेवढे बदला. तुमची लाकडी बाजू नवीन करावी लागेल असं दिसतंय. जाळीची बाजू वाचेल, खांब एकेक करून बघा. म्हणजे तुमच्याकडे आलेले दोघंही निम्मे बरोबर होते! फळ्या मात्र सरसकट फेकून देऊ नका. खालचा सडका वीतभर कापून पुन्हा वापरता येतात, उंची चालत असेल तर.

खडूस

सगळे काँक्रीट काँक्रीट करतायत म्हणून विचारतो. लाकडी खांबाभोवती काँक्रीट ओतलं की तो लवकर सडतो, हे माझ्या डोळ्यांसमोर झालेलं आहे. खड्ड्यात खडी आणि माती थराथराने ठासून भरली तर पाणी निचरून जातं. पूर्वीचे लोक काय सिमेंट घेऊन बसले होते का?

ओळंबा

@खडूस, निम्मं मान्य. काँक्रीटच्या वाटीत खांब ठेवला, म्हणजे तळाशीही काँक्रीट आणि बाजूलाही, तर आत झिरपलेलं पाणी अडकून राहतं आणि तुम्ही म्हणता तेच होतं. यावर उपाय आहे. तळाशी चार-सहा इंच खडी, खांबाचं बूड थेट खडीवर, काँक्रीट फक्त बाजूंनी, आणि वरचा माथा जमिनीच्या किंचित वर आणून चारही बाजूंना उतरता. माथा सपाट किंवा खोलगट राहिला की खांबाभोवती तळं साचतं. काँक्रीट ओतणाऱ्यांपैकी फार थोडे लोक ही उतार देण्याची तसदी घेतात, आणि बदनाम सिमेंट होतं.

खडी ठासून भरणंही उत्तम चालतं, पण कमी उंचीच्या, वारा आरपार जाणाऱ्या कुंपणाला आणि घट्ट मातीत. फाटकाच्या आणि कोपऱ्याच्या खांबांना काँक्रीटच हवं.

मातीचाही विचार करा. काळी चिकण माती पावसात फुगते, उन्हात आक्रसते आणि उथळ खांब हळूहळू वर ढकलते. जिथे हिवाळ्यात जमीन गोठते तिथेही हेच, म्हणून त्या प्रदेशांत खड्डा गोठणाऱ्या थराच्याही खाली नेतात. उत्तर एकच, खोली.

खडूस

उतरत्या माथ्याचं पटलं. बाकी मी माझ्या खडीवर ठाम आहे.

जाईजुई

खोली म्हणजे किती? आणि एक सांगायचं राहिलं, लाकडी बाजू सध्या साधारण ४ फूट आहे. नवीन करायचीच तर ६ फूट करावी असं घरात चाललंय, म्हणजे पडदाही होईल. फळ्या एकमेकींना चिकटवून.

ओळंबा

ढोबळ नियम असा की खांबाच्या एकूण लांबीचा साधारण पाव ते तिसरा हिस्सा जमिनीत. ६ फुटी भरीव कुंपणाला निदान २ ते २.५ फूट खाली, म्हणजे खांब ८ ते ८.५ फुटांचा आणावा लागेल. खड्ड्याची रुंदी खांबाच्या तिप्पट. ४ इंची खांबाला फूटभर व्यासाचा खड्डा. लाकडी कुंपणात दोन खांबांमध्ये ६ ते ८ फूट अंतर, त्याहून जास्त नको.

आता उंचीबद्दल. फळ्या चिकटवून लावल्या की कुंपण शिडासारखं वारा धरतं. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की दाब चौपट होतो, त्यामुळे नेहमीच्या वाऱ्यात ताठ उभं राहणारं कुंपण एका वादळात झोपतं. उंचीचा हिशेबही असाच फसवा आहे. कुंपण उंच झालं की वारा अडवणारं क्षेत्र वाढतं आणि तो दाब जमिनीपासून आणखी वर लागतो. ४ फुटांवरून ६ फुटांवर गेलात की उंची दीडपट होते, पण खांबाला बुडाशी मोडू पाहणारा जोर सव्वादोनपट होतो. जुन्याच मापाचे खांब, जुनेच खड्डे आणि वर फक्त लांब फळ्या, असं कुणी सुचवलं तर त्याला चहा पाजून निरोप द्या.

बागवान_आजी

पडदा हवा असेल तर फळ्यांमध्ये बोटभर फट सोडायची, किंवा एक फळी पुढच्या अंगाला, एक मागच्या अंगाला अशी आलटून पालटून ठोकायची. समोरून आरपार दिसत नाही आणि वारा वाट काढून जातो. झाडांनाही तेच बरं. भरीव भिंतीवरून आलेला वारा पलीकडे गोल गोल फिरून रोपं झोडपतो.

आणि वेल चढवायचा विचार असेल तर कारागिराला आधी सांग. भरगच्च वेल चढला की जाळीचंही भरीव कुंपण होतं, वर पावसात भिजल्यावर त्याचं वजन वेगळं.

कागदी_घोडा

खड्ड्यांच्या आधी कागद! लाकडी बाजू शेजाऱ्यांच्या हद्दीवर आहे ना? मग ते कुंपण कुणाचं, तुमचं, त्यांचं की सामायिक, हे मालकीच्या कागदांत काही लिहिलंय का ते बघा. जुनं कुंपण उभं आहे तीच हद्द असं धरून चालू नका. ते सरकलेलं असू शकतं, आणि तिथेच पक्के खांब घातलेत की तंटाही पक्का. नकाशाप्रमाणे खुणा करून घ्या, त्या वेळी शेजारी हजर असू देत, आणि एका साध्या कागदावर उंची, जागा, खर्च कोण करणार एवढं लिहून दोघांच्या सह्या. गोडीगुलाबी आहे तोवरच हे होतं.

काँक्रीटचा गोळा खांबापेक्षा रुंद असतो हेही ध्यानात ठेवा. खांब हद्दीच्या रेषेवर ठेवला तर गोळा पलीकडे जाणार.

उंचीवर स्थानिक नियमांची मर्यादा असू शकते, रस्त्याकडच्या बाजूला तर जास्तच. ४ ची ६ करताना परवानगी लागते का, हे आधी विचारा; ठेकेदार "काही लागत नाही हो" म्हणेल, पण नोटीस तुमच्या नावाने येते.

आणि जमिनीखालून काय काय गेलंय? पाण्याचा पाइप, सांडपाण्याची लाइन, विजेची केबल. खोदणाऱ्याच्या पहारीला हे कळत नाही. त्या त्या खात्याकडून खुणा करून घेता येत असतील तर घ्याच.

मिस्त्रीभाऊ

कागदी_घोडा साहेबांशी सहमत. केबलचा अंदाज नसेल तर मी पहिला फूटभर हातानेच खोदायला लावतो.

आता आकड्यांतला फरक कुठून येतो ते सांगतो, कारण मूळ प्रश्न तोच होता. स्वस्त कोटेशनमध्ये फळी तीच असते, जाळी तीच दिसते. पैसे वाचवलेले असतात ते खड्ड्यात, खांबांच्या संख्येत आणि तारेच्या जाडीत. खड्डा दीड फुटांऐवजी फूटभर, दहा फुटांवरचे खांब बारा फुटांवर, कोपऱ्याच्या खांबाला तिरपा टेकूच नाही. काम झाल्यावर यातलं काहीच दिसत नाही. म्हणून एक अट घाला: सगळे खड्डे खोदून झाले की भरण्याआधी मला दाखवायचे, मी टेप लावून बघणार. चांगला माणूस म्हणेल, "बघा की." कुरकुरला तर समजून जा.

जाळीच्या कुंपणात सगळा ताण कोपऱ्याच्या आणि शेवटच्या खांबांवर येतो. मधले खांब जाळी फक्त उभी धरतात. त्यामुळे टोकाचे खांब जाड, जास्त खोल आणि त्यांना तिरपे टेकू हवेतच. जाळीच्या वर, मध्ये आणि खाली ताणलेली तार हवी, नुसत्या जाळीला झोळ पडणारच. आणि काँक्रीट ओतल्या दिवशी जाळी ताणायची नाही. आठवडाभर पाणी मारा, मग ताण द्या. ७ दिवसांत काँक्रीट साधारण दोन तृतीयांश ताकद धरतं, पूर्ण ताकद २८ दिवसांची धरतात. घाई केली की खांब आत झुकतो आणि दोष जाळीला लागतो.

उगाच_एक

मिस्त्रीभाऊ, "हेवी जाळी", "सुपर हेवी जाळी" असं सांगतात, ती नक्की किती हेवी?

मिस्त्रीभाऊ

हेवी-बिवी काही नसतं, गेज विचारायचा. आणि गेजचा आकडा उलटा चालतो: आकडा लहान, तार जाड. ८ गेज म्हणजे ४.०६ मिलिमीटर, १० गेज ३.२५, १२ गेज २.६४. दहा आणि बारा ऐकायला जवळजवळ, पण १० गेजच्या तारेत १२ पेक्षा दीडपट लोखंड असतं. कोटेशनमध्ये मिलिमीटरमध्येच लिहून घ्या आणि माल उतरला की व्हर्निअरने (जाडी मोजायच्या साधनाने) मोजा. हिरवी प्लास्टिक चढवलेली जाळी असेल तर विचारा, जाडी आतल्या तारेची सांगताय की वरच्या प्लास्टिकसकट? इथे भलेभले फसतात. कापलेल्या टोकाशी आतली तार उघडी दिसते, तिथे मोजायची. जाळीच्या चौकटीचं मापही लिहून घ्या, २ इंची की ३ इंची, कारण चौकट मोठी केली की तार आपोआप कमी लागते.

ओळंबा

यात एक जोड. गॅल्व्हनाइज्ड (जस्ताचा थर दिलेले) खांब घेतलात तर जागेवर वेल्डिंग आणि भोकं पाडणं शक्य तितकं टाळा, नटबोल्टने जोडा. जस्त ४१९ अंशाला वितळतं. वेल्डिंगच्या उष्णतेत सांध्याभोवतीचा थर जळून जातो आणि गंज नेमका तिथूनच सुरू होतो. (तो धूर आरोग्याला वाईट, वेल्डरला उघड्यावर आणि वाऱ्याच्या बाजूला उभं राहून काम करू द्या.) वेल्डिंग करावंच लागलं तर सांधा घासून त्यावर जस्ताचं प्रमाण जास्त असलेला रंग मारायला लावा. बारीक ओरखड्यांची चिंता नको, शेजारचं जस्त स्वतः झिजून उघडं पडलेलं लोखंड सांभाळतं.

जाईजुई

केवढी माहिती! आज आणखी एक गृहस्थ बघून गेले. फरक लगेच जाणवला. त्यांनी आधी पहार मागितली, दोन ठिकाणी माती उकरून बघितली, फाटक हलवून बघितलं, मग विचारलं की पावसाचं पाणी कुठल्या बाजूला वाहतं. आकडा तिथल्या तिथे दिला नाही, मोजून कळवतो म्हणाले. जाळीच्या बाजूचे बरेच अँगल वाचतील असं त्यांचंही मत. मी खड्डे दाखवायची अट सांगितली तर हसून म्हणाले, "दाखवणारच, नाहीतर तुम्हाला फरक कसा कळणार?"

कोटेशनमध्ये काय काय लिहून घेऊ?

कागदी_घोडा

माणूस बरा दिसतोय. तरी त्यांनी आधी केलेलं एखादं काम बघून या, आणि नवं कोरं नको, दोन-तीन पावसाळे खाल्लेलं बघा. कालच केलेलं कुंपण सगळ्यांचंच सरळ असतं. रेषेत उभं राहून खांबांच्या माथ्यांवरून नजर टाका, लगेच कळतं.

लिहून घ्यायचं म्हणाल तर खांबाची एकूण लांबी आणि जमिनीखालची लांबी वेगवेगळी लिहा. "६ फुटी खांब" या दोन शब्दांत निम्मी भांडणं दडलेली असतात. खांबांमधलं अंतर, टेकू कुठे कुठे, लाकडाची जात आणि त्यावर कुठली प्रक्रिया केली आहे, खिळे-स्क्रू कसले. फाटक वेगळं धरा, रनिंग फुटाच्या दरात ते कधीच नीट बसत नाही. जमीन उतरती असेल तर लांबी उतारावरून मोजणार की आडवी, आणि कुंपण पायऱ्या-पायऱ्यांनी जाणार की उताराबरोबर, हेही. जुनं कुंपण काढणं आणि जुने गोळे, राडारोडा उचलून नेणं कोणाकडे? हे लिहिलं नसेल तर तो ढीग तुमच्या बागेत राहतो. मजूर जखमी झाला तर जबाबदारी कोणाची, विमा आहे का, हे विचारायला संकोच करू नका.

पैसे टप्प्यांनी. माल आल्यावर काही, खांब उभे राहून काँक्रीट झाल्यावर काही, आणि शेवटचा बऱ्यापैकी हप्ता सगळं तपासून झाल्यावर. सगळी रक्कम आधी मागणाऱ्याला नमस्कार.

मिस्त्रीभाऊ

खिळ्यांचा मुद्दा हलका समजू नका. हल्लीच्या तांबेयुक्त औषध मारलेल्या लाकडात साधे खिळे लवकर खाऊन जातात. चांगला जाड जस्ताचा थर असलेले किंवा स्टेनलेस स्टीलचेच घ्या. आणि औषध मारलेला खांब कापला की आतलं, औषध न पोचलेलं लाकूड उघडं पडतं. कापलेलं टोक वर ठेवायचं, कारखान्यातलं टोक मातीत, आणि कापलेल्या जागी ब्रशने पुन्हा औषध. हे करणारा कारागीर दिसला तर त्याला सोडू नका.

ओळंबा

जुन्या फळ्या आणि खांब जाळू मात्र नका. जुन्या प्रक्रियेत आर्सेनिक असायचं, अमेरिकेत घरगुती वापरासाठी ते २००३ च्या अखेरीस बंद झालं. तुमचं लाकूड कुठलं ते माहीत नाही, म्हणून शेकोटीत किंवा चुलीत नको, आणि राख वाफ्यात तर नकोच. भाजीच्या वाफ्याला कडा म्हणूनही वापरू नका.

गुपचूप_वाचक

बरेच दिवस नुसता वाचतोय, आज लिहितो. जाळीवर दोन ओळी काटेरी तार घालून टाका, मांजरं-कुत्री-चोर सगळ्यांचा बंदोबस्त.

बागवान_आजी

नको रे बाबा. बागेत लहान मुलं खेळतात, शेजाऱ्यांचा हात पलीकडून वर येतो. शिवाय मांजराला काटेरी तारेचं काय कौतुक!

उगाच_एक

अवांतर: काटेरी तारेचं गाजलेलं पेटंट जोसेफ ग्लिडन या अमेरिकन शेतकऱ्याला १८७४ साली मिळालं. मोकळ्या माळावर गुरं अडवायला. बागेत गुलाब अडवायला नव्हे. :)

कागदी_घोडा

वस्तीत ती लावण्यावर काही ठिकाणी निर्बंधही आहेत, उंचीबद्दल विचारायला जाल तेव्हा हेही विचारा.

जाईजुई

काटेरी तार रद्द. :) फाटकाबद्दल कुणी सांगेल का? आमच्या त्या गृहस्थांनी फक्त बिजागऱ्या बदलू म्हटलंय.

ओळंबा

आधी बिजागरीचा खांब ओळंब्यात, म्हणजे अगदी सरळ उभा आहे का ते बघा. फाटक घासतं ते बहुधा खांब झुकल्यामुळे, आणि मग नव्या बिजागऱ्यांनी काही साधत नाही. हा खांब बाकीच्यांपेक्षा जाड आणि खोल हवा, कारण फाटकाचं वजन त्याला सतत एका बाजूला ओढत असतं.

खांब सरळ असेल आणि फाटकाचीच चौकट तिरकी झाली असेल, तर तिरपी पट्टी बघा. लाकडी पट्टी दाब सोसते, म्हणून ती खालच्या बिजागरीच्या कोपऱ्यातून निघून कडीच्या बाजूला वर जायला हवी. तार किंवा सळई ताण सोसते, ती नेमकी उलट: वरच्या बिजागरीपासून कडीच्या बाजूला खाली. पट्टी उलटी ठोकलेली फाटकं मी कितीतरी बघितली आहेत, चांगल्या सुतारांनी केलेलीसुद्धा.

खडूस

आमच्या फाटकाची पट्टी उलटी आहे. आत्ता जाऊन बघून आलो. ठाम आहे तरी. :)

मिस्त्रीभाऊ

खडूसशेठ, तारेचा एक तुकडा आणि ताणायचा स्क्रू आणा, त्याच कर्णाला, वरच्या बिजागरीपासून कडीच्या बाजूच्या खालच्या कोपऱ्यापर्यंत लावा आणि आवळत जा. फाटक उचललं जाईल.

जाईजुई

कोटेशन आलं. लाकडी बाजू नवीन, ५ फूट उंच (शेजारीकाकूंशी बोलून मधला मार्ग), फळ्या आलटून पालटून. जाळीचे गेलेले अँगल बदलायचे, कोपऱ्यांना टेकू, जाळी तीच पुन्हा ताणायची. फाटकाचा खांब नवा. खोली, अंतर, गेज सगळं लिहिलेलं आहे. आकडा पहिल्या दोघांच्या मधोमध आलाय, पण आता निदान तो कशाचा आहे ते कळतंय. शेवटची शंका: रंग लगेच मारून घेऊ का? पोरं घरी आहेत तोवर त्यांनाच लावते कामाला.

मिस्त्रीभाऊ

औषध मारलेलं नवीन लाकूड ओलं असतं, ते वाळू द्या. पाण्याचा थेंब टाकून बघा. वर मोत्यासारखा राहिला तर थांबा, शोषला गेला तर रंगवा. नवीन गॅल्व्हनाइज्ड अँगलवर साधा ऑइलपेंट थेट मारू नका, जस्ताशी त्याचं जमत नाही, पापुद्रे निघतात. त्यासाठी वेगळा प्राइमर मिळतो, तो आधी. जुन्या, घासलेल्या अँगलना मात्र लगेच प्राइमर मारा, एक रात्रही उघडे ठेवू नका. पोरांना तिकडेच लावा.

गुपचूप_वाचक

छान धागा, वाचनखूण साठवली आहे. बांबूचं कुंपण करायचं असेल तर हेच सगळं लागू होतं का?

मिस्त्रीभाऊ

खांबांचं सगळं लागू. बांबू मात्र मातीत पुरायचा नाही, लोखंडी नाहीतर सिमेंटच्या खुंटाला वर बांधायचा. त्यात पिष्ट असतं, त्याला पोखरणारे किडे लागतात, म्हणून बोरॅक्स-बोरिक अॅसिडची प्रक्रिया केलेलाच घ्या. ते औषध पावसात धुऊन जातं, त्यामुळे वरून तेल किंवा वॉर्निशचा हात अधूनमधून द्यावा लागेल. बाकी विचारायचं असेल तर नवा धागा काढा, तिथे येतो. इथे जाईताईंचे खड्डे अजून खोदायचे आहेत.